खोल टोक

पाय पाण्यात गेला तेव्हाच मला कळलं की आपण पायऱ्या उतरत होतो. डावा बूट, त्यातला मोजा आणि पोटरीपर्यंत सगळा पाय गार. मागून कोणीतरी "अहो, अहो, अहो" केलं, एका हाताने माझा दंड धरला आणि मग सगळे हसले. कुत्सित नाही, प्रेमानंच हसले. पक्षात माझ्यावर हसायची मुभा सगळ्यांना आहे. पोहण्याचा हा तलाव पुन्हा भरलाय हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पक्षाच्या सभेच्या निमंत्रणात तसं छापलेलंच होतं, आठवडाभर वर्तमानपत्रांत फोटो येत होते, आणि आज सकाळी भाचीच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करताना मीच तिला म्हटलं होतं, "जप हं, काठावर घसरशील." मला ठाऊक होतं, पायाला ठाऊक नव्हतं. या दारातून आत आलं की डावीकडे वळायचं, कठड्याला हात लावायचा आणि उथळ टोकाच्या रुंद पायऱ्या उतरून खाली कोरड्या फरशीवर बसायचं, हे पायाने तरुणपणी इतक्या वेळा केलं होतं की त्याने मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या वयाच्या आणखी दोघींचं आज हेच झालं, असं नंतर कळलं. आमच्याशिवाय जगात दुसऱ्या कोणाचं हे होणार नाही. तलावात चालत उतरायची सवय फक्त हरित पक्षाच्या म्हाताऱ्यांना असते.

मला काठावरच्या खुर्चीत बसवलं गेलं. टॉवेल आला, मी परत पाठवला. बूट काढला नाही, कारण बूट काढून बसलेली म्हातारी दिसली की लोक तिला घरी सोडायच्या गोष्टी करायला लागतात. पाणी बुटात हळूहळू कोमट होत होतं आणि मी समोर बघत होते. एवढं पाणी मी इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. वरच्या काचेच्या छपरातून ऊन येऊन त्यावर पडलं होतं, आणि त्याचा उजेड भिंतींवर, लोकांच्या हनुवट्यांखाली, कोणाच्या चष्म्यावर असा हलत होता, जसा वाऱ्यावर वाळत घातलेल्या चादरींचा हलतो. आणि वास नव्हता. मी दोनदा नाक भरून श्वास घेतला. या पाण्याला कसलाही वास नव्हता. हे नदीचं पाणी होतं, गाळून आत घेतलेलं, पण नदीचंच, आणि त्याला वास नव्हता! मी दोन्ही हात छातीशी आवळून घेतले. शेजारच्या बाईला वाटलं मला थंडी वाजतेय.

नदीला वास होता आणि रंगही होता. नदीकाठी रंगाचा कारखाना, आणि आमची लाँड्री कारखान्याच्या खालच्या अंगाला. लाँड्री वडिलांची, त्यांच्यानंतर माझी. थोरली बहीण, माझी ताई, शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. आम्हा दोघींमध्ये ती हुशार आणि मी तापट, अशी घरात वाटणी झालेली होती. गावाला पाणी नदीचं, त्यामुळे गिऱ्हाइकांचे पांढरे शर्ट आमच्याकडून कधी पिवळट तर कधी राखाडी होऊन परत जायचे, आणि शिव्या मला खाव्या लागायच्या. मी कारखान्यात जाऊन भांडून आले. तिथल्या साहेबाने मला चहा पाजला आणि साबण बदलायचा सल्ला दिला. घरी येऊन मी आदळआपट केली. ताईने काही केलं नाही. तिने लाँड्रीतल्या बेवारस पडलेल्या कपड्यांमधून एक पांढरा रुमाल उचलला, सकाळी शाळेला जाताना नदीत बुडवला आणि लाँड्रीच्या दारावरच्या दोरीला चिमट्याने अडकवला. रुमाल जांभळा झाला होता. दुसऱ्या दिवशी दुसरा, तो गंजाच्या रंगाचा. तिसऱ्या दिवशी तिसरा. ती कोणाला काही बोलली नाही, पत्रक नाही, भाषण नाही. दोरी भरत गेली. कामावर जाणारे लोक आधी बघून पुढे जायचे, मग थांबायला लागले, मग मुलं विचारायला लागली, "आज कुठला?" आमच्या आळीत लोक हवा कशी आहे ते विचारत नसत, आज कुठला ते विचारत. पक्षाची विचारसरणी वगैरे पुढे जाड पुस्तकांत आली. माझ्यासाठी ती कधीच त्या दोरीबाहेर गेली नाही. जे रोज डोळ्यांसमोरून वाहत जातं ते एकदा बाहेर काढून वाळत घालायचं, म्हणजे मग लोकांना ते दिसतं. आणि पक्षाचा हिरवा रंग, ज्याच्याबद्दल आता टीव्हीवर पानाफुलांच्या गप्पा मारतात, तो एका रुमालाचा आहे. त्या दिवशी कारखान्यात पडद्यांचं कापड रंगवत होते. असला विषारी, डोळ्यात खुपणारा हिरवा मी त्याआधी पाहिला नव्हता. झेंड्याला कुठला रंग घ्यायचा यावर सगळ्यांचं डोकं चाललं असताना ताई म्हणाली, "हाच घेऊ. उद्या आपण कोणाशी भांडायला निघालो होतो ते विसरलो, तर झेंडा आठवण करून देईल." मी म्हटलं, "ताई, हा भयंकर दिसतो." ती म्हणाली, "दिसू दे की."

समोर भाची बोलायला उभी राहिली. भाची म्हणजे ताईची मुलगी, पक्षाच्या दोन अध्यक्षांपैकी एक. आमच्यात अध्यक्ष दोन असतात, एक बाई आणि एक पुरुष. पुरुष अध्यक्ष दातांचा डॉक्टर आहे, चांगला माणूस, फक्त समोरच्याने तोंड उघडलं की तो घड्याळाकडे बघतो. भाचीला आम्ही घरात खारू म्हणतो, कारण लहानपणी ती गालांत खाऊ साठवून ठेवायची आणि गादीखाली पेन्सिली. ताई सभांना गेली की ती लाँड्रीत माझ्यापाशी असायची, धुतलेल्या चादरींच्या ढिगावर झोपलेली. पोर माझ्या पोटची नाही, एवढंच. आज तिच्या अंगावर मी इस्त्री केलेला कोट होता आणि तो इतका पांढरा होता की मला अभिमान वाटायला हवा होता. ती सांगत होती की निवडणुकीनंतर कोणाचंच एकट्याचं बहुमत नाही, मोठ्या पक्षाने आपल्याला सरकारात बोलावलंय, ऊर्जा खातं देतायत, कोळशाची शेवटची केंद्रं आपण बंद करू शकू, आपल्या हाताने. एवढं ऐकून टाळ्या पडल्या. मग तिने आवाज न बदलता पुढचं सांगितलं. बदल्यात वरच्या खोऱ्यात खाण सुरू होईल. बॅटऱ्यांना लागणारा धातू तिथे आहे. धूर न सोडणाऱ्या गाड्या हव्या असतील तर बॅटऱ्या हव्यात, आणि बॅटऱ्या आभाळातून पडत नाहीत. खाण डोंगरातल्या तळ्याजवळ होईल. ते तळं म्हणजे तेच, जिथून नदी निघते. संध्याकाळपर्यंत होय किंवा नाही कळवायचं आहे. नाही म्हटलं तर मोठा पक्ष दुसऱ्यांना बरोबर घेईल, आणि ते दुसरे कोण हे तुम्हाला ठाऊक आहे.

हे सगळं तिने मला सकाळीच सांगितलं होतं, लाँड्रीत, कोट अंगात घालताना. "मावशी, तुला काय वाटतं?" "मला वाटतं तू खाल्लेलं नाहीस." "ते सोड. खाणीचं." मी म्हटलं, "हात वर कर, बाही बघू दे." तिने लहान मुलीसारखा हात वर केला. "नवी पद्धत आहे गं, पूर्वीसारखं नाही राहिलं," ती म्हणाली, "पाणी बंदिस्त ठेवतात, बाहेर थेंब जात नाही." मी बाहीची घडी बोटाने दाबत होते. कारखान्याचा तो साहेबही चहा पाजताना बंदिस्तच म्हणाला होता, पण हे मी बोलले नाही. ती काही कारखान्याचा साहेब नाही, आणि तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "तिथल्या लोकांना विचारलंत?" एवढंच विचारलं. "अहवाल आहे." "अहवालाला नाही, लोकांना." ती कोटाची बटणं लावायला लागली. मग म्हणाली, "वेळच नव्हता, मावशी. खरंच नव्हता." आणि माझ्या गालाला गाल लावून गेली. तिच्या गालाची ऊब मला दुपारपर्यंत जाणवत राहिली.

तिचं चुकतंय असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं, हीच तर पंचाईत. तिचं चुकत असतं तर मी कधीच उठले असते, भांडायला मला कारण लागत नाही. पण ती बोलत होती ते ताईही बोलली असती. किंवा ताई त्याच्या उलट बोलली असती आणि तेही तितकंच खरं वाटलं असतं. पक्षात पहिल्यापासून दोन जातीची माणसं, मातीवाले आणि खुर्चीवाले. मातीवाल्यांना वाटतं खुर्चीवर बसलं की बूड जड होतं; खुर्चीवाल्यांना वाटतं मातीत बसून राहिलं की फक्त कपडे मळतात. वर्षानुवर्षं दोघे एकमेकांचे केस उपटत आलेत आणि पक्ष त्यावरच जगलाय असं मला वाटतं. पहिल्या निवडणुकीत आमचं हसं झालं. कारखान्याच्या फाटकापाशी लोक ताईला विचारायचे, "बाई, माशांना मताचा अधिकार देणार का?" ती शांतपणे म्हणायची, "त्यांच्या वतीने बोलायला आले आहे. मासे, पाखरं आणि अजून जन्मायची आहेत ती मुलं. तुमच्या वतीने बोलायला पुष्कळ पक्ष आहेत." लोक हसायचे, पण पुढे जाऊन एकदा वळून बघायचे. मग दूरच्या एका देशात अणुभट्टी फुटली. इथलं काही जळलं नाही, काही दिसलं नाही, नुसता पाऊस पडला, आणि त्या पावसात भिजलेल्या मुलांचे कपडे घेऊन बायका माझ्या लाँड्रीत आल्या. कपडे मळलेले नव्हते. "तरी धुऊन द्या," म्हणायच्या, "दोनदा धुऊन द्या." तेव्हा पहिल्यांदा मला ताईची भीती वाटली, ती जे इतकी वर्षं बोलत होती ते खरं होतं म्हणून. पुढच्या निवडणुकीत ती निवडून आली. मी तिच्यासाठी निळा कोट शिवून घेतला. आणि अर्धी मुदत झाल्यावर तिने राजीनामा दिला, कारण पक्षाचा नियमच तसा होता, जागा अर्ध्यावर पुढच्या माणसाला द्यायची, कोणाचंही बूड जड होऊ द्यायचं नाही. देशभर लोक हसले. निवडून आलेली बाई सोमवारी सकाळी पुन्हा शाळेच्या फळ्यासमोर उभी! मीही तिच्यावर ओरडले. आता या पाण्याकडे बघताना मला वाटलं, माझ्या घरात, माझ्या शेजारच्या पलंगावर, घोरणारी, मोजे हरवणारी अशी एक बाई राहून गेली, आणि मी तिला पुरतं पाहिलंच नाही.

कारखाना शेवटी बंद झाला तो आमच्याच कायद्याने. आळीतल्या निम्म्या घरांचं काम गेलं. ताई एकेका घरी गेली. काहींनी बसायला दिलं, काहींनी दार लावलं, एक जण तिच्या पायाशी थुंकला. ती तरी जातच राहिली, जोवर सगळी घरं झाली नाहीत. "खाली जाऊन विचारायला हवं," एवढंच म्हणायची. नदी लगेच स्वच्छ झाली नाही, कितीतरी वर्षं ती नुसती मरगळलेली होती, ना रंग ना जीव. मग खारू शाळेत असताना एके दिवशी धावत आली, वेण्यांमधून पाणी निथळतंय, आणि म्हणाली, "मावशी, पायाला मासा लागला!" मी तिला मारायला हात उचलला होता, नदीत उतरली म्हणून. हात तसाच राहिला. आमच्या वयाचं कोणीच पोहत नाही. आमच्या लहानपणी पाण्यात पाय घातला तर अंगावर चट्टे उठायचे. पाणी म्हणजे लांबून बघायची वस्तू. ताईलाही पोहता येत नव्हतं. ती गेली पोटाच्या आजाराने. नदीमुळेच झाला असं डॉक्टरांनी ठामपणे कधी सांगितलं नाही आणि तिने कधी विचारलं नाही.

आणि चट्टे उठायला लागले म्हणूनच तर हा तलाव रिकामा केला होता. नगरपालिकेने पाणी सोडून दिलं आणि दाराला कुलूप घातलं. आम्हाला गावात कोणी सभेला जागा देत नव्हतं, सगळ्या सभागृहांच्या मंडळांवर कारखान्याचीच माणसं. तलावाच्या रखवालदाराच्या बायकोचे कपडे माझ्याकडे यायचे, तिने किल्ली दिली. अशी आम्ही पन्नासेक माणसं त्या रिकाम्या तलावात उतरून बसलो. फरशी उतरती, त्यामुळे व्यासपीठ करायचं म्हटलं तरी करता येईना; जो बोलायला उभा राही तो घसरे. आवाज घुमायचा, म्हणून एकाने बोललेलं विरेपर्यंत दुसऱ्याला थांबावंच लागायचं. आमची सभ्यता वगैरे जी म्हणतात ती फरशीने शिकवलेली आहे. त्या दिवशी पक्ष काढायचाच असं ठरून सगळे आले होते. ताईने विचारलं, "कोणाची हरकत?" तेव्हा एक बसचालक उठला. संथ बोलायचा म्हणून त्याला आम्ही गोगलगाय म्हणायचो. बस मात्र वेळेवर आणायचा. तो काही न बोलता उतारावरून चालत गेला आणि खोल टोकाला, जिथे भिंत दोन माणसांइतकी उंच आहे, तिथे पाठ टेकून उभा राहिला. आम्ही वरून हाका मारल्या. "अरे, काय म्हणणं आहे ते बोल की!" तो बोलेना. कोणी चिडलं, कोणी म्हणालं घ्या मतं, एकाच माणसाची तर हरकत आहे. ताई उठली, चपला हातात घेतल्या आणि खाली त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. तिने त्याला समजावलं नाही. तिने विचारलं, "इथून काय दिसतं?" गोगलगाय म्हणाला, "इथून तुमचे चेहरे दिसत नाहीत. तुमच्या पायांचे तळवे दिसतात." मग आणखी एक जण गेला, मग आणखी दोघी, मग मीही गेले कुरकुरत, आणि खरंच, तिथून वरच्यांचे नुसते तळवे दिसत होते. हळूहळू वर कोणी उरलंच नाही. सगळे खोल टोकाला एकमेकांना खेटून उभे. तेव्हा गोगलगाय चढावरून वर चालायला लागला. "काढा आता पक्ष," म्हणाला, "खाली कोणी येतं का, एवढंच मला बघायचं होतं." त्या क्षणी माझ्या अंगावर आलेला काटा अजून गेलेला नाही. तोच आमचा पहिला नियम झाला, इतर सगळ्या नियमांच्या आधीचा. हरकत असलेला माणूस खोल टोकाला जाऊन उभा राहील. विचारल्याशिवाय बोलणार नाही. कोणीतरी खाली जाऊन त्याला विचारेल, इथून काय दिसतं. तो स्वतःहून वर येईपर्यंत निर्णय होणार नाही.

पक्ष मोठा झाला तशा सभा हॉटेलांत व्हायला लागल्या. तिथे तलाव कुठला? मग गालिच्यावर निळी पट्टी चिकटवायला लागले, ती म्हणजे खोल टोक. आधी सगळे पट्टीपाशी जात. मग दोन प्रतिनिधी जाऊ लागले. मग असं ठरलं की हरकत असलेल्याने पट्टीवर उभं राहावं, व्यासपीठावरून 'हरकत पाहिली' म्हणायचं, आणि पुढे जायचं. व्यासपीठही आलंच होतं तोवर. यात कोणी वाईट वागलं असं नाही. माणसं हजारांनी वाढली, वेळ कमी पडायला लागला, आणि गोगलगाय कधीच वारला होता.

खारूचं बोलणं संपलं. दातांचा डॉक्टर उठला, घड्याळ बघितलं आणि हसत म्हणाला, "आज आपण आपल्या जन्मघरी आहोत, त्यामुळे एक अडचण आहे. खोल टोक जरा जास्तच खोल झालंय." सगळे खूप हसले, मीही हसले. "त्यामुळे काळजी करू नका, त्या बाजूला काठावर निळी पट्टी मारली आहे. हरकत असेल त्यांनी पट्टीवर या. ओलं व्हायची गरज नाही." कोणी उठलं नाही. पाणी हलत होतं. मी खारूकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या फोनकडे बघत होती, आणि अंगठ्याने दुसऱ्या अंगठ्याचं नख खरवडत होती, परीक्षेच्या आदल्या दिवशी खरवडायची तसं. मी उठले तर हे सगळं मोडेल. तिची इतक्या वर्षांची मेहनत, कोळशाची केंद्रं, ते खातं. आणि ती मला माफ करेलच असं नाही, करावं तरी का? मी उठले नाही तर संध्याकाळी सही होईल, डोंगरावर यंत्रं चढतील, आणि वर कोणीतरी बाई असेलच जिच्या दारावर दोरी आहे. तिला कोणी विचारलेलं नाही. खाण चांगली की वाईट हे मला कळत नव्हतं, अजूनही कळत नाही. पण खाली कोणी गेलेलं नाही, एवढं मला कळत होतं. माझा ओला पाय आधी उठला, मग मी.

"मावशी निघाल्या," कोणीतरी म्हणालं, त्यांना वाटलं मी घरी चालले. बुटातून पच् पच् आवाज येत होता. काठाने चालत मी पट्टीपाशी पोचले. निळी, चकचकीत, सरळ लावलेली पट्टी. डॉक्टरचा आवाज आला, "हरकत पा—" आणि मी पट्टी ओलांडून शिडीच्या दांड्यांना धरलं. तोंड भिंतीकडे, पाठ पाण्याकडे. पहिली पायरी. दुसरी. स्कर्ट फुगून वर आला, तो मी एका हाताने खाली दाबला, एवढ्यातही लाज सुटत नाही. थंडी कमरेशी आली तेव्हा श्वास अडकला. कोणीतरी "अगं बाई!" ओरडलं, खुर्च्या सरकल्या. "मावशी, पट्टी आहे ना तिथे!" डॉक्टर काकुळतीला येऊन म्हणत होता, "मावशी, तुम्हाला पोहता येत नाही!" याची मला आठवण करून द्यायची गरज नव्हती. शेवटच्या पायरीवर पाय टेकले. पाणी गळ्याशी होतं, हनुवटीला लागत होतं. हात दांड्यांना असे आवळलेले की बोटं दुखत होती. भीती वाटत होती, खूप, आणि तरी हे काय होतं मला कळेना, सगळ्या अंगाला बाहेरून कोणीतरी धरून ठेवलेलं. ज्या पाण्याचे डाग मी जन्मभर कपड्यांतून काढत आले त्यात मी गळ्यापर्यंत होते आणि ते माझं काही करत नव्हतं. नियम सगळ्यांना पाठ होता, फक्त तो खराच वापरायचा असतो याची सवय राहिली नव्हती.

मग पलीकडून, उथळ टोकाकडून, पायऱ्यांवर पाणी डचमळल्याचा आवाज आला. मला मान वळवता येत नव्हती. वळवली तर हात सुटेल असं वाटत होतं. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अहो मॅडम, फोन, ते थांबलेत लाईनवर," आणि त्याला उत्तर मिळालं नाही. आवाज जवळ येत गेला, एका लयीत, न घाबरता, पाणी बाजूला सारत येणारा. हिला पोहता येतं, मी मनात म्हटलं. आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं आणि हिला येतं. इतकी वर्षं मला हे ठाऊक होतं आणि आज पहिल्यांदा कळलं. माझ्या शेजारच्या दांडीवर एक ओला हात आला. कोटाची बाही सकाळची घडी सोडून मनगटाला चिकटली होती. केस कपाळावर, ओठ निळसर, श्वास चढलेला.

"कोटाची वाट लावलीस," असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी बोलले नाही. नियम म्हणजे नियम.

खारू रागावलेली होती. ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. तिने नाकावरचं पाणी पुसलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा हळूहळू चादरींच्या ढिगावरच्या त्या पोरीचा झाला. तिने विचारलं, "मावशी, इथून काय दिसतं?"

वर्षानुवर्षं मी मनात धरून होते की इथून तळवे दिसतात. म्हणून मी वर बघितलं. तळवे नव्हते. सगळे काठावर ओणवे झाले होते, डॉक्टरसुद्धा, आणि त्यांचे चेहरे दिसत होते. मग मी खाली बघितलं. माझे बूट, शिडीची शेवटची पायरी, आणि त्याखाली, खूप खाली, उन्हात हलणारी फरशी, चौकोन न् चौकोन, कोपऱ्यातली ती एक फुटलेली लादी जिच्यावर ताई चपला ठेवायची.

"तळ दिसतो," मी म्हटलं.

खारूने तोंड पाण्यात घातलं. ती बराच वेळ बघत राहिली, तिचे केस वर तरंगत होते. वर आली तेव्हा तिने केस मागे सारले. मग काठाकडे न बघता मोठ्याने म्हणाली, "त्यांना सांगा, आज उत्तर मिळणार नाही. आधी वरच्या खोऱ्यात जाऊन विचारायचंय." मग कोणीतरी खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागलं. मग आणखी कोणीतरी. डॉक्टरने घड्याळ काढून शेजारच्या बाईच्या हातात दिलं.

गोगलगाय सगळे खाली आल्यावर लगेच वर चढला होता. मी चढले नाही. मला अजून बरंच सांगायचं होतं, आणि पाण्याची भीती आत्ता कुठे जायला लागली होती.